मागचे दोन टायर

"डांबरावर फोर-व्हील लावून ऊस ओढलाय का न्हाई? खरं बोला, पाटील!"

शिवगोंडा पाटील टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभे होते. वयानं माझ्या वडलांएवढे, गावात मान मोठा. पण गॅरेजात शिरलेल्या माणसाचा मान मी ठेवत नसे, अजूनही ठेवत नाही. त्यांच्या ट्रॅक्टरचा पुढचा अॅक्सल मी उघडून ठेवला होता. आत गिअरचे दात तुटून तेलात पडले होते. बघायला चार माणसं जमली होती.

"ओढला, मिस्त्री," पाटील म्हणाले. "खोटं कशाला बोलू? ड्रायव्हर म्हनला चारी चाकं ओढत्यात तर जोर जास्ती लागंल."

"त्या ड्रायव्हरला माझ्याकडं पाठवा. अहो, तुमच्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक ल्हान, मागचं मोठं. दोन्हींचा मेळ आतल्या दातांनी घातलेला असतोय, पण अगदी काटेकोर न्हाई. रानात चाक जरा घसरतंय, उरलासुरला फरक तिथंच मिटतोय. डांबरावर घसरायला जागा कुठं हाय? मग ती ओढाताण जाणार कुठं? दातांवर! रस्त्याला लागलं की फोर-व्हील काढायचं. किती येळा सांगायचं तुमाला?"

ऊस तोडीला लागला की हे भाषण मी आठवड्याला चार वेळा तरी देत असे. मला ते तोंडपाठ होतं, आणि खरं सांगायचं तर द्यायला आवडायचंही.

मागनं कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वळून बघतो तर शैला. माझी धाकटी बहीण.

"झालं का कीर्तन?" ती म्हणाली. "आता माझ्या गाडीकडं बघ की, दादा."

ही सतरा वर्षांपूर्वीची दिवाळी. जयसिंगपूरला नांदणी रस्त्यावर माझं ट्रॅक्टरचं गॅरेज तेव्हाही होतं. वडील गेले तेव्हा मी अठरा वर्षांचा आणि शैला सहा वर्षांची. शाळा सुटली की ती घरी न जाता गॅरेजात यायची, माझ्या बाकड्यावर बसून पाढे म्हणायची. पुढं ती मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि चाकणला एका मोटार कंपनीत गाड्यांच्या चाचण्या घेण्याच्या खात्यात लागली. त्या खात्यात ती एकटीच बाई. आमच्याकडं बायकापण 'येतो-जातो' असंच बोलतात, आणि इतकी वर्षं पुण्याकडं राहून शैलाचं ते सुटलं नव्हतं. मला त्याचं फार कौतुक.

गाडी तिनं जुनी घेतली होती, पण माल अस्सल होता. काळी, लांबट, चारही चाकं कायम ओढणारी. ट्रॅक्टरसारखा दांडा टाकून लावायची-काढायची भानगडच नाही.

"दीड इंच खाली बसवायची," शैला म्हणाली. "स्प्रिंगा डिकीत आहेत. चाकं तुझ्याकडं पार्सलनं आलीतच. सोळाची काढून अठराची टाकायची. टायर पातळ घेतलेत, म्हणजे चाक मोठं झालं तरी एकूण उंची तेवढीच राहते."

"पुण्यात मिस्त्री मेले काय सगळे?"

"आहेत की. आमच्या ऑफिसातले लोक म्हणाले, असली गाडी गावाकडच्या ट्रॅक्टरवाल्याला देतीस? वेड लागलंय का?"

"मग?"

"मी म्हणालो, माझा दादा करेल. सोमवारी गाडी आणतो, तुमच्या मशीनवर चढवा आणि मिलिमीटर मिलिमीटर मोजा." मग तिनं आवाज जरा खाली आणला. "दादा, पैज लावून आलोय मी. नाक कापलं जाईल हां माझं."

मला काय वाटलं ते कसं सांगू? मला तिच्याकडं बघताच येईना. मी उगीच पाटलांवर ओरडलो, "तुमी अजून इथंच? शनवारी या, ट्रॅक्टर तयार असंल."

शैलानं एक कागद दिला. त्यावर सगळी मापं लिहिली होती. सगळ्यात खाली एक ओळ होती: 'चारही टायर एकाच मापाचे.' तिच्याखाली दोन रेघा. मी कागद घडी करून खिशात घातला आणि ती आईला घेऊन मामाच्या गावाला गेली. शनिवारी भाऊबीज. रविवारी ती परत चाकणला जाणार होती. माझ्या हातात दोन दिवस होते.

आता मी जरा फुशारकी मारणार आहे. ऐकून घ्या.

गाडी खाली बसवायची म्हटलं की बरेच मिस्त्री काय करतात? आहे ती स्प्रिंग गॅसनं तापवतात. मऊ झाली की गाडी आपोआप बसते, गिऱ्हाईक खूष. सहा महिन्यांत स्प्रिंग मरते आणि गाडी खड्ड्याखड्ड्यात आपटत जाते. तसल्या माणसाला मी माझ्या दारात उभा करत नाही. मी एकेक स्प्रिंग बदलली. गाडी चाकांवर उभी राहिल्याशिवाय एकही रबरी बुश आवळला नाही, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं. माप घेताना गाडीत चालवणारा बसलेला पाहिजे, म्हणून शैलाच्या वजनाएवढं जोंधळ्याचं पोतं ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि त्याला पट्टासुद्धा लावला. ओळंबा सोडून, दोरा ताणून चारी चाकं बघितली. चाकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत चारी कोपऱ्यांचं माप लिहून ठेवलं.

आणि रिंगा! चाकं बाहेरची होती, अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचं मधलं भोक मोठं केलेलं असतं. चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या हबमध्ये आणि चाकामध्ये फट राहते. ती तशीच ठेवली तर वेगात स्टिअरिंग थरथरतं. फट भरायला शैलानं प्लास्टिकच्या रिंगा आणल्या होत्या. मी त्या हातात घेतल्या आणि बाजूला ठेवल्या. माझ्या बहिणीच्या चाकात प्लास्टिक? लेथवर अॅल्युमिनियमचा गोल लावला आणि चार रिंगा स्वतः कातल्या. पहिली रिंग केसभर सैल झाली, फेकून दिली. दुसरी हबवर ठेवली तर ती आपल्या आपण सावकाश खाली सरकली आणि 'टक्' करून बसली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. लेथवर तीस वर्षं काढलेल्या माणसानंही ती हातात घेतली असती तर एकदा उलटीसुलटी करून बघितली असती.

शुक्रवारी दुपारी गाडी खाली उतरवली. बाहेर ओढली आणि लांब जाऊन बघितली. काय दिसत होती! तिची दृष्ट काढावीशी वाटली.

शेजारी इक्बालभाईंचं टायरचं दुकान. ते कापडाला हात पुसत आले. त्यांच्या मागनं बंडा सावंतही आला. बंडा मोटारींचा मिस्त्री, त्याचं गॅरेज चौकात. मी मोटारीला हात लावला की त्याच्या पोटात दुखायचं.

"ट्रॅक्टरवाला रेसच्या गाड्या करायला लागला," बंडा म्हणाला. त्यानं गाडीभोवती फेरी मारली. खोट काढायला जागा मिळेना तेव्हा मागं जाऊन उभा राहिला. "झकास आहे. पण मागनं रिकामी वाटतीया बघ. पुढं पैलवान आणि मागं पोरगं."

एवढं बोलून तो गेला, आणि माझ्या डोक्यात किडा सोडून गेला. मी पुन्हा पुन्हा मागं जाऊन बघायला लागलो. जितकं बघावं तितकी गाडी मागनं रिकामी दिसायला लागली.

"इक्बालभाई, मागं जरा भरदार टायर टाकलं तर?"

"माझ्याकडे आहेत दोन. रुंदीला जादा, उंचीलाही थोडे जादा. याच चाकावर चढतील," ते म्हणाले. मग थांबले. "पण जोती, ही चारी चाकं ओढणारी गाडी. पुढंमागं वेगळं चालतं का? मी नाही टाकले कधी."

"ट्रॅक्टर काय ओढतोय मग? पुढं ल्हान, मागं मोठं. जन्म गेला माझा त्यात."

"ते खरं," इक्बालभाई म्हणाले. "फोर-व्हीलमधलं तुला माहीत. मी नुसता टायरवाला."

खिशातल्या कागदावर दोन रेघा मारलेली ओळ होती. मला ती आठवली, नाही असं नाही. पण मी म्हटलं, इंजिनिअर माणसं कागदाला धरून चालतात, नजर आपली. शिवाय दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दरवर्षी साडी देतो, ती नेसायला तिला वेळ नसतो. या वर्षी तिच्या गाडीलाच ओवाळणी घालू. ही कल्पना मला इतकी आवडली की मी एकटाच हसत सुटलो.

टायर चढवले. मागच्या पत्र्याची आतली कड जरा वळवून घेतली, म्हणजे घासायला नको. गाडी मागनं अशी भरली की पोळ्याला सजवलेला बैल. गावाबाहेर एक फेरी मारून आलो. आवारात वळवताना गाडी किंचित अडखळली, धरून ठेवल्यासारखी. मी म्हटलं, नवीन टायर आहेत, मुरतील.

शनिवारी दहा वाजता मी सगळ्यांना चहाला बोलावलं. बंडाला मुद्दाम. इक्बालभाई होतेच. पाटील ट्रॅक्टर न्यायला आले होते, त्यांनाही थांबवलं. आई आणि शैला पहिल्या एसटीनं मामाकडनं परत आल्या होत्या. शैला नवी साडी नेसून गॅरेजात आली, मागच्या वर्षी मी दिलेली. मी गाडीवरचं कापड ओढलं.

"अगं बाई!" आई म्हणाली.

शैला हसत हसत पुढं आली. बॉनेटवर हात फिरवला. पुढच्या चाकाशी वाकली, आत बघितलं. "रिंगा तू कातल्यास?" तिनं विचारलं. मी नुसती मान हलवली. ती माझ्याकडं अशी बघायला लागली की माझ्या सगळ्या कष्टांचं चीज झालं. मग ती मागं गेली. मागच्या टायरावर लिहिलेला आकडा तिनं वाचला. परत पुढं येऊन पुढचा वाचला. तिचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं.

"भाऊबीज आहे माझी," मी मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मागचे दोन टायर माझ्याकडनं. कशी वाटतीया?"

शैलानं एकदा सगळ्यांकडं बघितलं. बंडा लाडू खात होता.

"छान," ती म्हणाली. "दादा, चल, एक चक्कर मारून येऊ."

ती चालवायला बसली. गावाबाहेर पडून नांदणीच्या पुढं गेलो. मी बोलत होतो, स्प्रिंगांचं, पोत्याचं, ओळंब्याचं. ती 'हं, हं' करत होती आणि गाडी अगदी हळू चालवत होती. पुढं उसाच्या दोन फडांमध्ये एक मोकळी डांबरी जागा आहे, वजनकाट्यासमोर. तिथं तिनं स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि गाडी गोल फिरवली. गाडी अडखळली, कण्हली. आता तर स्पष्ट कळलं.

"खाली उतर," ती म्हणाली. "खडू आहे का खिशात?"

माझ्या खिशात खडू कायम असतो.

"पुढच्या टायरला खूण कर, जमिनीला लागतो तिथं. मागच्यालापण. आणि जमिनीवर दोन्ही जागी रेघ मार. मी गाडी पुढं घेतो. प्रत्येक टायरची एक फेरी पुरी झाली की परत रेघ मार. मग मोज."

"हे काय पोरखेळ—"

"मोज की, दादा."

मी मोजलं. पुढच्या टायरची एक फेरी, दोन मीटर. मागच्याची, दोन मीटर आणि वर तेरा सेंटिमीटर. टेप तसाच जमिनीवर पडला होता आणि मी त्याच्याकडं बघत उकिडवा बसलो होतो. शैला साडी सावरत माझ्यासमोर येऊन बसली, भर रस्त्यात.

"शंभर फेऱ्यांत किती फरक पडला?"

"तेरा मीटर," मी म्हणालो.

"पुढची आणि मागची चाकं आत एकमेकांना बांधलेली आहेत. गाडी तर एकच आहे. मग हे तेरा मीटर जातात कुठं?"

उत्तर मला माहीत होतं. आठवड्यातनं चार वेळा मीच ते ओरडून सांगत होतो.

"ट्रॅक्टरला..." मी तरी म्हणून बघितलं.

"ट्रॅक्टरच्या पुढच्या अॅक्सलला वेगळे दात असतात, म्हणून पुढचं चाक लहान चालतं. या गाडीला पुढंमागं सारखेच आहेत." ती थांबली. "मी पहिलीत होतो, तेव्हा तू एक अॅक्सल उघडला होतास. मला वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं. तू मला गिअरचे दात मोजायला बसवलंस. पुढचे मोजले, मागचे मोजले. मी विचारलं, दादा, सारखे का नाहीत? तू म्हणालास, लहान पाय असलेल्या पोराला मोठ्या माणसाबरोबर चालायचं असेल तर पावलं जास्त टाकायला लागतात. हे दात म्हणजे ती जास्तीची पावलं."

मी तसं म्हणालो होतो. विसरलो होतो. मी विसरलो आणि तिनं तेवढं एक वाक्य धरून कॉलेज काढलं, नोकरी काढली.

मी गाडीखाली हात घातला. मधल्या डिफरन्शलला, म्हणजे पुढची-मागची चाकं बांधणाऱ्या दातांच्या डब्याला, बोट लागलं आणि चटकन ओढून घेतलं. एवढ्याशा चालीत डबा तापला होता. हळू चालवूनसुद्धा. रविवारी ही गाडी चाकणपर्यंत गेली असती तर वाटेत कुठंतरी आतनं सगळं संपलं असतं. आणि नाही संपलं, तर सोमवारी तिच्या ऑफिसातल्या लोकांनी मशीनवर चढवायच्या आधीच टायरचे आकडे वाचले असते.

"शैले, मी तुझी गाडी..."

"काही झालं नाही. वेळेवर कळलं. तेल बदलू, बास." ती उठली, साडीला लागलेला खडू झटकायला लागली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "हे बघ, इक्बालभाईंना फोन करतो मी. माझे टायर घेऊन ते इकडंच येतील. मशीन नसलं तरी तुम्ही दोघं बदलू शकता. परत गेल्यावर म्हणू, मलाच बारीक बरे वाटले. बाईमाणसाची आवड म्हणतील. कुणाला काही कळायचं नाही."

सांगायला लाज वाटते, पण मला केवढं हायसं वाटलं. मी 'कर फोन' म्हणालोसुद्धा. तिनं पर्समध्ये हात घातला. तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर शिवगोंडा पाटील आले, टोपी हातात घेऊन उभे असलेले. चारचौघांत मी त्या म्हाताऱ्याला 'खरं बोला' म्हणून दरडावलं होतं. आणि तो खरं बोलला होता. एका दमात. खोटं कशाला बोलू म्हणाला होता.

"ठेव तो फोन," मी म्हणालो. "गाडी माघारी घे. हळू चालव."

"दादा, बंडा आहे तिथं."

"म्हणून तर."

आम्ही परत आलो तेव्हा चहाचा दुसरा कप चालला होता. मी गाडीतनं उतरलो, जॅक ओढत आणला आणि मागच्या चाकाखाली घातला. सगळे बघायला लागले.

"ऐका रं," मी म्हणालो. माझा आवाज तसाही मोठा, तरी मी अजून चढवला, कारण बारीक झाला असता तर कापला असता. "हे मागचे दोन टायर मी चुकीचे टाकले. कागदावर लिहिलेलं होतं, तरी टाकले. अजून दोन दिवस गाडी पळाली असती तर आतला डिफरन्शल गेला असता. चूक माझी. काढली शैलानं. खडूच्या चार रेघा मारून काढली."

बंडाचा लाडूचा हात तोंडापाशीच राहिला. इक्बालभाई पुढं झाले आणि म्हणाले, "मी पण दिले. माझीपण चूक." मी त्यांना हातानंच थांबवलं.

आणि मग पाटील. कपबशी खाली ठेवून, टोपी नीट करून ते शांतपणे म्हणाले, "म्हंजी मिस्त्री, तुमीबी डांबरावर फोर-व्हील लावली म्हना की."

असा हशा उसळला म्हणता! आई हसली, इक्बालभाई हसले, बंडाला ठसका लागला. मीही हसलो. शैलाच एकटी हसली नाही. ती माझ्याकडं बघत उभी होती. मग तिनं पदर खोचला, माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि चाकाचे बोल्ट खोलायला बसली. नव्या साडीत. मी नको म्हणालो नाही. दोन चाकं तिनं काढली, इक्बालभाईंनी मशीनवर टायर बदलून दिले, मी परत बसवली. रिंगा तशाच 'टक्' करून बसल्या. बंडा बाजूला उभा राहून बघत होता. चाकं बसवायच्या आधी एक रिंग हातात घेऊन त्यानं उलटीसुलटी केली होती, आणि जपून परत ठेवली होती. मला तेवढं पुरलं.

तेल बदललं. दुपारी शैलानं मला ओवाळलं. ताटात काय घालू? टायर तर गेले. मी उठलो, कपाटातनं केसभराचं माप घ्यायचा माझा व्हर्निअर काढला. लेथवर बसल्यापासनंचा, माझ्या उस्तादांनी दिलेला. त्याला मी कुणाला हात लावू दिला नव्हता, शैलालासुद्धा. लहानपणी एकदा घेतला म्हणून धपाटा खाल्ला होता तिनं. तो ताटात ठेवला.

"हा नको, दादा. तुझं काम अडेल," ती म्हणाली.

"अडू दे. मापाचं माणूस तू."

ती रडली. आई पण. मी नाही रडलो असं मी सगळ्यांना सांगतो.

सोमवारी दुपारी बारानंतर फोन आला. मी सकाळपासनं फोन हातात घेऊनच काम करत होतो. पाटील समोर उभे होते, त्यांच्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पाइप गळत होता.

"दादा," शैलाचा आवाज, मागं बरीच माणसं. "चढवली मशीनवर. चारी कोपरे मोजले. सगळ्यात जास्त फरक किती सांगू? दोन मिलिमीटर."

"दोन कसा आला?" मी म्हणालो. "पोतं जरा डावीकडं कललं असणार."

"ऐक तर! साहेबांनी चाक काढायला लावलं. रिंग बघितली. म्हणाले, ही कुठल्या कंपनीची? मी म्हणालो, मगदूम ट्रॅक्टर वर्क्स, जयसिंगपूर. कुणाला खरंच वाटेना. अजून हातात घेऊन बसलेत सगळे."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी पाटलांकडं बघितलं, ते गळक्या पाइपकडं बघत होते. मग मी विचारलं, "टायरांचं सांगितलंस?"

"नाही. ते कशाला सांगू?"

"म्हणजे रिंगा मी कातल्या हे सांगितलंस, आणि चूक तू काढलीस हे लपवलंस?"

"दादा, हसतील ते तुला."

"हसू देत की! मला काय त्यांच्यात सोयरीक करायची आहे? पण त्यांना कळू दे, शैले. जोतिराम मगदूमची चूक काढणारं माणूस त्यांच्याकडं कामाला आहे. तीस मैलांत कुणी माझी चूक काढली नाही आजवर. सांग त्यांना. आत्ता सांग, मी ऐकतो."

पलीकडं माणसांची गडबड चालूच होती.

"बरं," ती म्हणाली. "सांगतो."

फोन तिनं चालूच ठेवला. टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. माणसांची गडबड थांबली. आणि मग माझी बहीण त्या सगळ्यांना सांगायला लागली. भाऊबिजेपासनं नाही. टायरांपासनंही नाही. "मी पहिलीत होतो, मला वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं," अशी तिनं सुरुवात केली.

मी फोन कानाला घट्ट धरला.

"मिस्त्री, पाइपचं बघताय न्हवं?" पाटील म्हणाले.

"थांबा जरा, पाटील," मी म्हणालो. "माझी बहीण बोलतीया."